ओट्यामागची फुटकी टाइल

किन्हीराजा गावात आमच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्यामागे एक टाइल फुटलेली आहे. वरून दुसरी ओळ, खिडकीपासून तिसरी. तिच्या मधोमध एक खड्डा आहे आणि त्यातून चार भेगा चार दिशांना गेल्या आहेत. घरी येणारा माणूस आधी तिच्याकडे पाहतो आणि मग माझ्याकडे पाहतो, कारण मी टाइल्सच्या दुकानात काम करते. काही जण नुसतेच पाहतात. काही जण हसतात. एका मामीने तर "दुकानात माल संपला का वं?" असं विचारलं.

या अंकाच्या संपादकांनी आमच्या कॉलेजात येऊन सांगितलं, की आपापल्या कामाचे अनुभव लिहून द्या. नंतर मला कळलं, की बाकीचे लिहिणारे एक निवृत्त कंडक्टर, एक निवृत्त नर्सबाई आणि एक निवृत्त तलाठी आहेत. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. निवृत्त व्हायला आधी नीट नोकरीला लागावं लागेल. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असलं लिखाण कसं करतात हे विचारायला घरी कोणी नाही. तरी तीन वर्षं टाइल्स विकल्या आहेत आणि त्या फुटक्या टाइलबद्दल खुलासा करायची मला फार दिवसांपासून इच्छा आहे. म्हणून लिहिते.

दुकान मालेगावात आहे. हे आमचं वाशिमकडचं मालेगाव. सकाळी कॉलेज, दुपारी बारानंतर दुकान, संध्याकाळी जीपने किन्हीराजा. दुकानाचे मालक युनूसभाई. त्यांनी मला नमुन्याच्या टाइल्स पुसायला ठेवलं होतं. हायवेची धूळ दिवसभर आत येते आणि धुळीखाली सगळ्या टाइल्स एकाच रंगाच्या दिसतात. पुसता पुसता मला त्यांचे नंबर पाठ झाले, मग गुण पाठ झाले आणि एक दिवस युनूसभाई जेवायला गेले असताना मी एका माणसाला अख्ख्या न्हाणीघराच्या टाइल्स विकून टाकल्या. ते परत आले, तेव्हा म्हणाले, "दुर्गा, आता फडकं दुसऱ्याच्या हातात दे."

त्याच काळात आमच्या घराचं बांधकाम चालू होतं. आम्ही भाजीवाले. बाबा रस्त्याकडेच्या तुकड्यात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी काढतात आणि मालेगावच्या बाजारात आणतात. त्यामुळे घरही मेथीच्या जुडीसारखं थोडं थोडं बांधलं जात होतं. आधी पाया, मग दोन खोल्या, मग स्लॅब. स्वयंपाकघर सगळ्यांत शेवटी. तोवर माझी माय मागच्या टिनाच्या शेडमध्ये रांधत होती. बावीस वर्षं झाली होती. शेडची भिंत धुराने इतकी काळी, की तिच्यावर खडूने शाळा भरवता आली असती. जागोजागी खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला काहीतरी लटकलेलं. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या, की मी त्यांना तिकडे जाऊ द्यायची नाही.

मी दुकानात लागले, त्याच आठवड्यात माय म्हणाली, "माह्या ओट्याच्या टाइला तूच आन वं. मले त्यातलं काही समजत नाही."

मी मनाशी ठरवलं, की साऱ्या जिल्ह्याला चुकीची टाइल गेली तरी चालेल, मायच्या भिंतीला जाऊ द्यायची नाही. तीन वर्षं मी जे काही शिकले, ते त्या एका भिंतीसाठी शिकले.

आता धंदा थोडक्यात सांगते. ओटा आणि वरची फळी यांच्यामधली दोन-अडीच फुटांची पट्टी म्हणजे आमचं राज्य. फोडणीचं तेल तिथेच उडतं, कुकरची शिट्टी तिथेच फवारते. या पट्टीसाठी कंपनी तीन प्रकारच्या टाइल्स एकत्र पाठवते. एक फिकी, एक गडद आणि एक चित्राची. चित्राच्या टाइलला हायलायटर म्हणतात. फिक्या आणि गडद टाइल्सच्या मधून मधून ती लावायची असते. चित्रं कसली, तर द्राक्षं, वाफाळता कप, कापलेलं लिंबू, परदेशी काचेची बरणी. आमच्या तालुक्यात जी फळं कोणाच्या घरात कधी आली नाहीत, तीही भिंतीवर येऊन बसली आहेत. किवी नावाचं फळ मी पहिल्यांदा टाइलवरच पाहिलं. बरेच दिवस मला तो कापलेला बटाटा वाटत होता.

टाइल खोलीला शोभायला पाहिजे, असं सगळेच म्हणतात. पण खोलीतल्या कशाला शोभायला पाहिजे? माझा अनुभव असा, की आधी हट्टी वस्तू शोधायची. भिंतीचा रंग दिवाळीला बदलता येतो, पडदा उद्या बदलता येतो. ओट्याचा दगड आणि खालची फरशी मात्र जन्मभर तशीच राहणार. म्हणून आधी दगडाचं ऐकायचं, मग फरशीचं आणि उरल्यासुरल्या जागेत टाइलने गुपचूप बसायचं. दगडावर ठिपके असतील, तर टाइल साधी घ्यायची. दगड साधा असेल, तर टाइलला थोडं बोलू द्यायचं. दोघंही बोलायला लागले, तर तिथे उभं राहणाऱ्या बाईचं डोकं दुखतं. घरातही आपण हेच करतो. जो हट्टी असेल त्याचं आधी ऐकतो आणि बाकीच्यांना जुळवून घ्यायला सांगतो.

हे इतकं सोपं आहे. कठीण असतात ती निवडायला येणारी माणसं.

पहिल्याच वर्षी केनवडचे नाना आले. नवीन घर, पोराचं लग्न ठरायचं होतं. बोलेरोतून सहा पुरुष उतरले. नाना, त्यांची दोन पोरं, पुतण्या, पुतण्याचा एक मित्र आणि गजूमिस्त्री. गजूमिस्त्री आमच्या भागातला टाइल बसवणारा. तो गिऱ्हाईक आणतो आणि गिऱ्हाइकाच्या खर्चाने चहा पितो.

मी विचारलं, "कोनत्या खोलीसाठी पाह्यजे काकाजी?"

"किचन," नाना म्हणाले.

"ओट्याचा दगड कोनत्या रंगाचा बसवला?"

"काळा," मोठा पोरगा म्हणाला.

"काळा नाही बे, चाकलेटी," धाकटा म्हणाला.

गजूमिस्त्रीने तंबाखू मळत मळत मान वर केली. "हिरवा हाये. मीच बसवला."

मी पुढे विचारलं, "घरी स्वयंपाक कोन करते?"

"स्वयंपाक?" नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला होता. "कोनी का करेना. तुले काय करायचं हाये?"

"तसं नाही काकाजी. काकूले सोबत आनलं असतं, तर त्यायले दाखवता आलं असतं."

"तिले कायले? अन् गाडीत जागा नोती."

जागा नव्हती, हे खरंच होतं. जागेवर पुतण्याचा मित्र बसून आला होता.

नानांना एकच गोष्ट पक्की माहीत होती. त्यांच्या साडूच्या किचनात द्राक्षं होती आणि नानांना द्राक्षांपेक्षा भारी काहीतरी पाहिजे होतं. मी द्राक्षांपेक्षा भारी फळं दाखवली. सफरचंद झालं, किवी झाला. नाना पुढे पुढे चालत दाराशी गेले. तिथे बंगल्याच्या दर्शनी भिंतीला लावायची टाइल ठेवली होती. दगड फोडून रचल्यासारखी, खडबडीत, खाचाखाचांची.

"हे!" नाना म्हणाले.

"काकाजी, ही बाहेरच्या भिंतीची हाये."

"मंग आत लावली, तर का पोलीस येतीन?"

सहाही जण हसले. मी हळूच म्हणाले, की खाचांमध्ये तेल बसतं. युनूसभाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि बोलेरो गेल्यावर समजावलं, "देख दुर्गा, गिऱ्हाईक म्हनजे नवरदेव. घोड्यावर हाये तोपर्यंत त्याले रस्ता सांगायचा नाही."

मी गप्प बसले. नोकरी नवी होती. पण तेवढं कारण खरं नाही. सहा माणसं एका बाजूला असली, की मला अजूनही आपलंच चुकतंय असं वाटतं.

पाच-सहा महिन्यांनी एक बाई जीपने एकट्याच आल्या. पिशवीतून त्यांनी दात घासायचा ब्रश काढला आणि काउंटरवर ठेवला. त्याचे केस हळदीने पिवळेधम्मक झाले होते.

"मी केनवडची," त्या म्हणाल्या. "तुमची ती दगडाची भिंत रोज यानं घासतो. अर्धा तास लागते. आमच्या घरून निवडायले कोन आलं होतं?"

मी नावं सांगितली. त्यांनी बोटांवर मोजली.

"सहा जन. बरं. त्यातला एक तरी घासायले पाठवून दे बाई."

त्या भांडायला आल्या नव्हत्या. बदलून द्या, असंही म्हणाल्या नाहीत. पाणी प्यायल्या, ब्रश पुन्हा पिशवीत ठेवला आणि बाजारात निघून गेल्या. मी त्या दिवशी एकही टाइल नीट दाखवू शकले नाही.

घरी येऊन हे सगळं मायला सांगितलं. मी नमुन्याचे दोन फुटके तुकडे दुकानातून आणले होते, तेही दाखवले. तिने त्यांच्या रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. चमचाभर तेलात हळद कालवली, दोन्ही तुकड्यांना फासली आणि म्हणाली, "दिसायचं राहू दे. निघते का, ते सकाळी पाहू." सकाळी एक तुकडा फडक्याने स्वच्छ निघाला, दुसरा पिवळाच राहिला. पिवळा राहिलेला तुकडा जास्त महागाचा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी काउंटरवर हळद-तेलाची डबी ठेवली. गिऱ्हाइकाने टाइल पसंत केली, की तिच्यावर एक बोट ओढायचं आणि फडकं त्याच्या हातात द्यायचं. फडकं पुरुषाच्याच हातात द्यायचं, हा नियम मी स्वतः केला. पुष्कळांना ते कसं धरायचं हे कळत नाही. युनूसभाई आधी ओरडले. "टाइल्सचं दुकान हाये, का हळदीचा मांडव?" मग त्यांच्या लक्षात आलं, की लोक डबीसाठी थांबतात, हसतात आणि थांबलेला माणूस काहीतरी घेऊनच जातो. पुढे तेच गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आमची दुर्गा टाइलची डॉक्टर हाये. तपासल्याशिवाय देत नाही."

दुसरी गोष्ट वाशिमच्या एका सरांची. सर एका शाळेत चित्रकला शिकवतात, त्यामुळे रंगातलं त्यांना कळतं, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मोबाइलमध्ये त्यांनी एक फोटो आणला होता. पांढरीशुभ्र भिंत, पांढरा ओटा, ओट्यावर एक झाड आणि एक पुस्तक. स्वयंपाकाची एकही खूण नाही. असा खून करून पुसून काढल्यासारखा स्वच्छ ओटा मी पहिल्यांदाच पाहिला. सरांना अगदी तसंच पाहिजे होतं. पांढरी टाइल दिली. हळदीची परीक्षा ती पहिल्या नंबरने पास झाली.

आठ दिवसांनी सरांचा फोन आला. "तुम्ही माल बदलला. ही टाइल हिरवी आहे."

युनूसभाईंनी मला आणि गजूमिस्त्रीला वाशिमला पाठवलं. जाऊन पाहिलं, तर टाइल खरंच पोपटी दिसत होती. गजूमिस्त्रीने भिंत ठोकून पाहिली, मी खोक्यावरचा नंबर पाहिला. सगळं बरोबर होतं. मग मी खिडकी उघडली. समोर चार हातांवर शेजाऱ्यांचं घर. त्यांनी त्याच महिन्यात भिंतीला पोपटी रंग दिला होता. ऊन त्या भिंतीवर आपटून सरांच्या पांढऱ्या टाइल्सवर येत होतं. रंगातलं कळणाऱ्या सरांना हे कळलं नव्हतं आणि टाइलच्या डॉक्टरने विचारलं नव्हतं. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच गोरं दिसतं.

सर म्हणाले, "मग आता मी शेजाऱ्याची भिंत रंगवू का?"

गजूमिस्त्री म्हणाला, "मी रंगाचंही काम घेतो सर."

सर शेजाऱ्यांशी बोलायला बाहेर गेले, तेव्हा मी मॅडमना विचारलं, की स्वयंपाक करताना डोळ्यांना त्रास होतो का.

"मले कसा होईन?" त्या म्हणाल्या. "मी इथं कुठं रांधते? इथं फक्त चहा होते, तोही पाहुने आले तर. फोडनी मांगं."

त्यांनी मला मागचं दार उघडून दाखवलं. टिनाचा उतार, खाली जुनी शेगडी, काळी भिंत. अगदी आमच्या शेडसारखी. पुढे पांढरं किचन फोटोसाठी आणि मागे बाई पोळ्यांसाठी. त्यानंतर मी अशी बरीच घरं पाहिली. आमच्या भागात आता हा रिवाजच झाला आहे. ओटा बांधायचा, त्याला नटवायचं आणि मग "खराब होईन" म्हणून बाईला मागे पाठवायचं.

या सगळ्या गिऱ्हाइकांमुळे माझी एक वही तयार झाली. त्यात चार प्रश्न लिहिले होते. रांधतं कोण? ओट्याच्या दगडाचा तुकडा आणला का? खिडकीसमोर काय आहे? फोडणी पुढे की मागे? आल्या गिऱ्हाइकाला मी हे चार प्रश्न विचारायची आणि उत्तरं न देणाऱ्या पुरुषांची संध्याकाळी जीपमध्ये मैत्रिणींना नक्कल करून दाखवायची. नानांचं "पोलीस येतीन का" तर मला इतकं छान जमायचं, की जीपवाला मागे वळून पाहायचा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराला प्लास्टर झालं. ओटा बसला. तपकिरी ठिपक्यांचा दगड. खाली फिकट फरशी, खिडकीसमोर आमचीच मेथी. मेथीचा हिरवा उजेड टाइलवर किती पडतो, हेसुद्धा मी पांढरा कागद भिंतीला चिकटवून पाहिलं. मग टाइल निवडली. साईच्या रंगाची, कडेने एक बारीक तपकिरी रेघ, दगडातल्या ठिपक्यांच्याच रंगाची. फळ नाही, कप नाही. हळद पुसली जाणारी. तीन वर्षांत मी इतकी बरोबर टाइल कोणालाच दिली नव्हती. माझ्या मनात ती भिंत कधीचीच तयार होती. धूर नाही, खिळे नाहीत, वर काही लटकलेलं नाही. नुसती मोकळी, स्वच्छ भिंत आणि तिच्यासमोर माझी माय.

माय तेव्हा भाचीच्या लग्नासाठी आठ दिवस कामरगावला माहेरी गेली होती. मला वाटलं, ती यायच्या आत भिंत तयार करून तिला चकित करू. खोकी टेंपोतून उतरली, तेव्हा बाबा मेथीच्या जुड्या बांधत होते.

"तिले दाखवली का?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. सरप्राइज हाये."

"ते काय असते?"

"म्हनजे तिले आधी काहीच सांगायचं नाही."

"असं होय," बाबा म्हणाले. "ते त आमी नेहमीच करतो."

मी हसले. बाबा हसले नव्हते, हे मला पुष्कळ दिवसांनी आठवलं.

गजूमिस्त्रीने दोन दिवसांत भिंत पुरी केली. सांधे असे बारीक, की नखाने शोधावे लागत. माय आली. उंबऱ्यातच थांबली. मग पुढे जाऊन तिने दोन्ही तळहात भिंतीवर ठेवले आणि बराच वेळ तसेच ठेवले. म्हणाली, "थंड हाये वं." मग अर्थातच तिने हळद-तेल फासलं, पुसलं आणि मान डोलावली. गावातल्या बाया पाहायला आल्या, त्या प्रत्येकीला ती सांगायची, "माह्या पोरीनं निवडल्या." मी तेवढ्या वेळात हटकून तिथेच काहीतरी करत राहायची.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "झारा कुठं अडकवू?"

"माय, आजकाल भिंतीले काही अडकवत नाही. मी डबा आनतो उभा. त्यात सगळं ठेव."

"बरं," ती म्हणाली.

मी स्टीलचा उभा डबा आणला. झारा, पळी, उलथनं, चिमटा, रवी, सगळं त्यात उभं राहिलं. दिसायला छान दिसत होतं. त्या सरांच्या फोटोतल्यासारखं.

पण मग मला एक गोष्ट दिसायला लागली. माय कढईकडे पाहत पाहत डावा हात वर न्यायची. न पाहता. हात सरळ भिंतीवर जायचा, गुळगुळीत टाइलवर घसरायचा आणि रिकामा खाली यायचा. मग ती वळून डब्याकडे पाहायची, त्यात पळी शोधायची, पळीसोबत चिमटा निघायचा, तोवर मोहरी जळायची. हात वर जायचा, घसरायचा, खाली यायचा. दिवसातून कितीतरी वेळा. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मी पाहिलं, तर ती मागच्या शेडमध्ये भाजी फोडणीला टाकत होती.

"इथं काहून?" मी विचारलं.

"तिकडं खराब होईन," माय म्हणाली.

दुसऱ्याच्या घरात हे वाक्य ऐकून मी जीपभर हसवलं होतं.

मी शेडच्या त्या काळ्या भिंतीसमोर उभी राहिले आणि पहिल्यांदाच ती नीट पाहिली. एकूण अकरा खिळे होते. शेगडीच्या डाव्या अंगाला, हाताच्या उंचीवर, झारा आणि पळी. त्याखाली चिमटा. उजवीकडे चाळण्या. वर, कोरड्या जागी, मिरच्यांची माळ. खाली, माय वाकते तिथे, हात पुसायचं फडकं. लहानपणापासून मी त्या भिंतीला घाण म्हणत आले होते. माझ्या वहीत चार प्रश्न होते आणि त्यांतला एकही मी हिला विचारला नव्हता. बोलेरोतून आलेले ते सहा जण निदान दुसऱ्याच्या पोरीसमोर चुकले होते; मी माझ्याच मायच्या भिंतीवर चुकले होते.

हे तिला कसं सांगावं, याचा विचार करण्यात माझे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुकानातून आले, तर घरातून ठोकल्याचा आवाज. मी आत धावले. माय ओट्याजवळ उभी होती. एका हातात बाबांचा हातोडा, दुसऱ्या हातात शेडमधून उपटून आणलेला, वाकडा, काळा खिळा. आणि माझ्या साईच्या रंगाच्या भिंतीत, वरून दुसऱ्या ओळीत, चार भेगा.

तिचा चेहरा दुसरीतल्या पोरीच्या हातून पाटी फुटावी, तसा झाला होता.

"फुटली वं दुर्गे," ती म्हणाली. "मले वाटलं, एकच ठोकून पाहू. आता तुहे युनूसभाई काय म्हनतीन?"

मी तिच्या हातातला हातोडा बाजूला ठेवला. गजूमिस्त्रीला फोन लावला.

तो दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीन घेऊन आला. टाइलमध्ये खिळा ठोकायचा नसतो. आधी चिकटपट्टी लावायची, म्हणजे टोक घसरत नाही, मग टाइलची खास बिट लावून, पाणी सोडत, हळूहळू भोक पाडायचं आणि प्लास्टिकचा गट्टू बसवून त्यात स्क्रू फिरवायचा. हे मला आधीपासून माहीत होतं. मी तेही तिला सांगितलं नव्हतं.

"इतकी साजरी भिंत," गजूमिस्त्री हळहळला. "मीच बसवली अन् मीच चाळनी करू?"

"करा," मी म्हणाले.

त्याने लेव्हलची नळी काढली. सगळे स्क्रू एका ओळीत, सारख्या अंतरावर घ्यायचे, असा त्याचा विचार होता. मी त्याला थांबवलं आणि मायला ओट्यासमोर उभं केलं.

"माय, डोळे मीट. कढई समोर हाये समज. आता पळी घे."

ती लाजली. गजूमिस्त्रीकडे पाहून पदर तोंडाला लावला. मग डोळे मिटले. हात वर गेला आणि भिंतीवर एका जागी थांबला. मी तिथे पेन्सिलीने खूण केली.

"झारा."

हात थोडा डावीकडे सरकला. खूण.

"चिमटा. चाळनी. फडकं."

अकरा खुणा झाल्या. एकही दुसरीच्या ओळीत नव्हती. गजूमिस्त्री दोन पावलं मागे गेला, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, हे सगळं वाकडंतिकडं दिसन. जरा लायनीत घेऊ का?"

"माहा हात का लायनीत चालते?" माय म्हणाली.

त्याने लेव्हलची नळी गुंडाळली आणि मशीन लावलं. संध्याकाळपर्यंत अकरा स्क्रू बसले आणि अकरा वस्तू आपापल्या जागी गेल्या. शेडमधल्या भिंतीवर होत्या तशाच. माझ्या बारीक तपकिरी रेघेवर मिरच्यांची माळ आली. मायने ओट्यावरच्या गॅसवर पिठलं टाकलं. तिचा हात वर गेला आणि पळी घेऊनच खाली आला.

निघताना गजूमिस्त्रीने फुटक्या टाइलकडे बोट दाखवलं. शेवटच्या खोक्यात चार टाइल्स उरल्या होत्या. "एक बदलून देतो. अर्ध्या तासाचं काम हाये."

मी हो म्हणणार होते. माय पिठलं ढवळता ढवळता म्हणाली, "राहू दे, राहू दे. लोकं इचारतीन, हे कसं फुटलं. तेवढ्याच निमित्तानं मी सांगीन, माही पोरगी टाइला विकते."